सोबत आलेलं

घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. चाळिशीला टेकला, कानशिलावरचे केस पांढरे झाले, ऑफिसात हाताखाली माणसं आली, तरी आईच्या घराचा उंबरा ओलांडला की तो धाकटाच. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही. फक्त धाकटा म्हटलं की कुठेतरी एक थोरलाही आलाच, ही गोष्ट गेल्या वर्षभरापासून त्याला खुपत होती. थोरल्या भावाचं नाव त्याने टाकलं होतं. वडील गेले त्या सकाळी त्याने स्वतः आईच्या लॅपटॉपवरून दादाला परदेशात कळवलं होतं. पडद्यावर दादा ढसाढसा रडला, डोळे पुसले आणि म्हणाला, "रजा मिळत नाही रे. तू आहेस ना तिथे, तू सांभाळ." धाकट्याने लॅपटॉप मिटला, फोनमध्ये दादाचा नंबर ब्लॉक करून पुसून टाकला आणि बायकोला बजावलं की या घरातून त्या माणसाला साधा निरोपही जाता कामा नये. नातेवाईक म्हणावेत असे फारसे उरलेच नव्हते, त्यामुळे मध्यस्थी करायलाही कोणी आलं नाही.

आईने मात्र तोडलं नव्हतं. तिचा मोठा रोज दुपारी न चुकता लॅपटॉपवर यायचा आणि मायलेकरं तासभर बोलत बसायची. धाकटा शनिवारी आईकडे जायचा, आणि ती वेळ झाली की गॅलरीत जाऊन उभा राहायचा. आतून आईचं हसणं ऐकू यायचं. वडील गेल्यावर ती हसते ती तेवढ्याच वेळात, हे त्याला कळत होतं, म्हणून तो दात-ओठ खात का होईना, गप्प बसायचा.

त्याचं काम म्हणजे एका मोठ्या कंपनीतल्या कॉम्प्युटरांची निगराणी, आणि त्यातलाही मोठा भाग म्हणजे लोकांनी ओढवून घेतलेला कचरा काढणं. माणसं फुकटात मिळतंय म्हणून एखादा प्रोग्रॅम उतरवून घेतात आणि त्याच्या पदराआडून आणखी तीन बिनबोलावलेले पाहुणे आत येतात. येताना ते चोरासारखे येत नाहीत, रीतसर परवानगी मागतात. फक्त होकाराच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते आणि वाचायचा कंटाळा असलेला माणूस 'पुढे, पुढे, पुढे' दाबत जातो. नव्या माणसांना धाकटा दरवर्षी यावर तासभर व्याख्यान द्यायचा. वाचल्याशिवाय 'पुढे' दाबणारा माणूस आणि न बघता दार उघडणारा माणूस यांत काडीचाही फरक नाही, असं तो शेवटी म्हणायचा, आणि लोक हसायचे.

त्या शनिवारी आई म्हणाली, "हे बघ ना जरा. हल्ली फार कण्हतं. मोठा बोलत असतो आणि मधेच थबकतो, जसं काही काय बोलायचं ते आठवतोय."

"दे इकडे," धाकटा म्हणाला. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पाचच मिनिटांत त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मदतनीस नावाचा कसलासा प्रोग्रॅम आत ठाण मांडून बसला होता. वरवर पाहिलं तर काम भलं, म्हणजे अंधूक चित्र स्पष्ट करणं, तुटणारा आवाज जोडणं. पण तेवढ्यासाठी त्याने कॉम्प्युटरच्या विश्वासाच्या यादीत स्वतःचं सर्टिफिकेट घालून ठेवलं होतं, आणि धाकट्याच्या धंद्यात याहून वाईट काही नसतं.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे असं, की आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघायला गेटवर माणूस ठेवतात ना? इथे गेटवरचा माणूसच ओळखपत्रं छापतोय. बाहेरून कोण आलं, तुला कधी कळणारच नाही. तू बघतेस ते त्याने छापलेलं."

"पण येतो तो मोठाच ना?"

"मोठाच गं. मधे हा मदतनीस बसलाय एवढंच."

"मग बसू दे की. काय खायला मागतोय का?"

धाकट्याला हसू आलं. तो प्रोग्रॅम आला कुठून हे बघायला त्याने तारीख काढली, आणि ते हसू जिथल्या तिथे विरलं. वडील गेले तोच दिवस. त्या पहाटे, दादाला कळवण्याच्या थोडं आधी, फ्रेम करण्यासाठी वडिलांचा एक जुना, पुसट फोटो मोठा करायचा होता. दुकानं उघडली नव्हती, डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याने स्वतः या लॅपटॉपवर फोटो मोठे करणारं कुठलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून 'पुढे, पुढे, पुढे' दाबलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर वडील अजून त्याच फ्रेममधून बघत होते, आणि फोटो खरोखर सुरेख आला होता.

कोणाला न सांगता त्याने आपली चूक निस्तरायला घेतली. आधी प्रोग्रॅम काढला. तेवढ्यावर थांबतात ते कच्चे. पाहुणा गेला तरी त्याने करून घेतलेली किल्ली मागे राहते, म्हणून विश्वासाच्या यादीत शिरून त्याने ते सर्टिफिकेटही शोधून पुसलं, मशीन बंद करून चालू केलं, आणि सवयीप्रमाणे इंटरनेटवरची एक-दोन पानं उघडून त्यांच्यावर कोणाची सही आहे ते तपासलं. सह्या ज्यांच्या त्यांच्या होत्या. मधे आता कोणी नव्हतं.

"झालं. आता बघ कसं पळतं."

"काढलेलं परत घालता येतं का रे?" आईने उगीचच विचारलं.

"कशाला घालायचं?" तो म्हणाला, आणि तेवढ्यात दादाची वेळ झाली. लॅपटॉप वाजायला लागला, तसा तो उठून गॅलरीकडे निघाला. दारापर्यंत पोचलाही नसेल, पाठीमागून दादाचा आवाज आला. आवाज तोच, पण थकलेला आणि घाईतला.

"आई, आज एकटीच? बाबा कुठायत?"

धाकट्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आई? अगं ऐकू येतंय का? बाबांना दे ना. काल गुडघा दुखतोय म्हणाले होते, त्यांना त्या गोळीचं नाव सांगायचंय."

आई पडद्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, राग नव्हता. दार वाजलं म्हणून उघडावं आणि समोर भलताच माणूस उभा असावा, तशी ती बघत होती. धाकटा तीन ढांगांत आत आला आणि तिच्या खांद्यावरून वाकला. पडद्यावर दादा होता. वर्षभरात त्याचे केस बरेच विरळ झाले होते, डाव्या भिवईवर एक ताजा व्रण होता, आणि मागची खोली धाकट्याने कधी पाहिलेली नव्हती.

"अरे, तू?" दादाचा चेहरा एकदम उजळला. "बोलायला लागलास म्हणजे! बाबा म्हणालेच होते, त्याचा राग फार दिवस टिकत नाही. कशावरून रागावलास तेवढं तरी सांग बाबा आता."

"दादा," धाकटा म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "बाबा गेले ना."

"कुठे गेले?"

धाकट्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "दादा, गेल्या वर्षी बाबा वारले. मी तुला इथूनच सांगितलं. तू रडलास. रजा मिळत नाही म्हणालास."

दादा पडद्याजवळ सरकला. मग हळू आवाजात, समोरच्या वेड्याला बिथरू न देता बोलावं तसं, तो म्हणाला, "मी रोज बोलतो त्यांच्याशी. आई आणि ते शेजारी शेजारी बसतात. काल बोललोय." आणि त्याने कॉल तोडला.

आईने पदराने पडदा पुसला आणि शांतपणे विचारलं, "हा कोण होता?"

"आई, दादा होता तो."

"छे. मोठ्याला ठाऊक आहे बाबा गेलेत ते. तो माझ्याबरोबर रडलाय. वर्षभर रोज माझं ऐकून घेतलंय त्याने." ती त्याच्याकडे वळली. "ह्याला तर काहीच माहीत नाही. तू काय केलंस रे धाकट्या?"

घरी आल्यावर धाकट्याला जेवण गेलं नाही. ज्या एका वाक्यासाठी त्याने सख्ख्या भावाला तोडलं, ते वाक्य भाऊ बोललाच नव्हता. मग कोण बोललं? त्या सकाळी पडद्यावर रडलं ते कोण? वर्षभर आपण गॅलरीत उभे होतो तेव्हा आत आईला हसवत होतं ते कोण? आणि तिकडे, बाबांच्या तोंडाने गुडघ्याची तक्रार सांगत होतं, ते? आवाज जोडणारा, चित्र स्पष्ट करणारा एक फुकटचा प्रोग्रॅम हे करू शकत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार! त्याचं आयुष्य यातच गेलं होतं. त्याला भीती वाटली, ती याची.

दादाचा नंबर बायकोकडे होता. तिने तो पुसला नव्हता. "तुम्ही बजावलंत म्हणून बोलले नाही कधी," ती म्हणाली, "पण नंबराने काय घोडं मारलंय?" दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने फोन लावला. आईचा लॅपटॉप तपासायला म्हणून तो बरोबर घेऊन आला होता. बंद केलेला, बॅटरीसुद्धा काढलेला लॅपटॉप समोरच टेबलावर होता.

"तू फोन करशील असं बाबा म्हणालेच होते," दादा म्हणाला.

"कधी म्हणाले?"

"आत्ता. पाच मिनिटं झाली असतील."

धाकट्याने समोरच्या काळ्या पडद्याकडे बघितलं. त्यात त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता. "दादा, लॅपटॉप माझ्यासमोर आहे. बंद आहे. त्यावरून तुझ्याशी कोणी बोलू शकत नाही."

"ते म्हणाले, तो असंही म्हणेल. धाकट्याच्या आवाजात कोणीतरी फोन करतंय, त्याला दुखवू नकोस, पण विश्वासही ठेवू नकोस, असं म्हणाले."

"अरे, मी बोलतोय! विचार काहीही. आपल्या दोघांनाच माहीत असलेलं विचार."

मग दादाने विचारलं, "लहानपणी बाबांचं घड्याळ कोणी फोडलं?"

"तू फोडलंस, मार मी खाल्ला. मी नाव सांगितलं नाही म्हणून तू मला तुझी सायकल दिलीस."

दादाचा श्वास ऐकू आला. "बरोबर आहे," तो म्हणाला. आणि मग अगदी रडवेला होऊन, "हेही बरोबर सांगेल, म्हणाले होते."

ही गोष्ट खरंच दोघांनाच ठाऊक होती का? धाकट्याने आठवून पाहिलं. आई रोज तासभर काय बोलायची? जुन्या गोष्टी. सायकलची, खरं कोणी फोडलं ते तिला केव्हाच कळलेल्या त्या घड्याळाची, आजारपणांची, भांडणांची. घरात जे जे घडलं होतं ते सगळं तिने मायेने, पुन्हा पुन्हा, त्या पडद्याला सांगितलं होतं. आता या कुटुंबातला माणूस म्हणून ओळख पटवायला खऱ्या माणसाकडे शिल्लक असं काही उरलंच नव्हतं. त्याने बाबांच्या मृत्यूचा दाखला पाठवायची तयारी दाखवली. दादा म्हणाला, कागदाचा फोटो काय, कोणीही बनवतो, तूच नाही का हे शिकवत? ते खरं होतं. तो लोकांना हेच शिकवायचा.

"मग ये," शेवटी धाकटा म्हणाला. हात टेकले होते त्याने. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, त्यांच्यावरही ठेवू नकोस. ये आणि डोळ्यांनी बघ. बाबा असले तर मला काय वाटेल ते बोल."

दादा येतो म्हणाला. तो येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. आईचा लॅपटॉप धाकट्याने पुन्हा पुन्हा तपासून, स्वच्छ करून तिला परत नेऊन दिला. दुपारी ती त्याच्यासमोर बसायची; लॅपटॉप वाजायचा नाही. तिचं खाणं निम्म्यावर आलं. "दादा येतोय आई, प्रत्यक्ष येतोय," असं धाकटा सांगायचा, तेव्हा ती मान हलवायची, पण ती समोरच्याचं मन राखायला हलवलेली असायची. धाकट्याच्या मनात मात्र आता एकच होतं. एकदा दादा दारात उभा राहू दे, आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवू दे, की हे सगळं मिटेल. माणूस समोर आल्यावर त्याला सही लागत नाही, शिक्का लागत नाही.

विमानतळावर दादा बाहेर आला तेव्हा दोघांपैकी कोणीच पुढे होईना. मग दादाने हात लांब केला आणि धाकट्याचा दंड चाचपून बघितला, बाजारात फळ चाचपावं तसा. धाकट्याला हसू आलं, दादालाही आलं, आणि मग भर गर्दीत दोघे मोठे बाप्ये एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. वर्षाचा राग गेला कुठच्या कुठे. गाडीत, घर जवळ आलं तेव्हा दादा म्हणाला, "निघताना त्यांना सांगितलं, येतोय म्हणून. खूश झाले. म्हणाले, ये, दार मीच उघडतो."

जिना चढून दोघे दाराशी आले. बेल कोणी वाजवायची यासाठी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकट्याने वाजवली. आतून पावलं आली, सावकाश, जरा फरफटत, आणि दादाने त्याचा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

दार आईने उघडलं.

दादाची नजर तिच्यावरून आत गेली, भिंतीवर गेली, फ्रेमवर थांबली. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो तसाच आत जाऊन भिंतीला कपाळ टेकवून उभा राहिला, आणि मग लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला. ज्या रडण्याला वर्षभर उशीर झाला होता ते रडणं धाकट्याने प्रथमच ऐकलं, आणि ते पडद्यावरच्या रडण्यासारखं मुळीच नव्हतं. यात नाक वाहत होतं, श्वास अडकत होता, ओंगळ आवाज येत होता. हाच आपला भाऊ, असं धाकट्याच्या मनाने लख्ख म्हटलं. त्याला वाटलं, संपलं एकदाचं.

आई मागे उभी होती. तिने दादाचं रडणं ओसरू दिलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "बसा ना. लांबून आलात. हात-पाय धुऊन घ्या, मी पान वाढते."

दादाने ओल्या डोळ्यांनी धाकट्याकडे बघितलं. आईने जन्मात कधी त्याला अहो-जाहो केलं नव्हतं. "आई," तो म्हणाला, "रागावलीयस का?"

"रागवायचं काय त्यात?" आई म्हणाली. ती हसली, पाहुण्याशी हसावं तसं, आणि तिने सगळं अगदी आग्रहाने वाढलं. रुसवा असेल, धाकट्याने स्वतःला समजावलं. वर्षभराचा आहे, जायला दोन दिवस लागतील. एकदा दादाने तिचा हात हातात घेतला, तेव्हा तिने तो लगेच काढून घेतला नाही. थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग दुसऱ्या हाताने, अलगद, त्याची बोटं सोडवली.

दादा खाली मान घालून जेवत होता. आई आतल्या खोलीत गेली. धाकटा तिला मीठ कुठे ठेवलंय ते विचारायला मागोमाग गेला आणि अर्धवट लोटलेल्या दाराशीच थांबला. आत लॅपटॉप उघडा होता. त्याचा उजेड आईच्या तोंडावर पडला होता आणि तिच्या चेहऱ्यावर ते जुनं, दुपारचं हसू परत आलं होतं. तो दादाला आणायला गेला त्या वेळात तिने सगळं परत घालून घेतलं असणार. त्यात अवघड काहीच नव्हतं. विचारतील तेव्हा 'पुढे' म्हणायचं. ती पडद्याजवळ वाकून, बाहेर ऐकू जाऊ नये एवढ्या हलक्या आवाजात बोलत होती.

"हो रे राजा, आलाय. अगदी तुझ्यासारखाच दिसतो, रडतोसुद्धा. नाही, मी नाही घाबरत. भुकेला आहे बिचारा, जेवला की जाईल."